आषाढात लावलेला तारा

मला आकाशकंदील म्हणू नका, मित्रांनो. ते दिवाळीचे. आमच्या गल्लीत दारोदारी लटकतात, दिसायला माझ्यापेक्षा देखणे असतात, आणि त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. मी तारा आहे, नाताळचा. आता वय झालंय. कामट्या वाकल्या आहेत, एका कोनाला सुतळी गुंडाळली आहे, पोटात जुना होल्डर लोंबतो. सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत रणदिव्यांचं घर आहे. त्या घराच्या माळ्यावर, जुनी सुटकेस आणि बंद पडलेला कूलर यांच्यामध्ये माझा मुक्काम असतो. इथं बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला हाक मारली. ऐकाल ना?

मला शांतवनरावांनी केलं. ते चादरीच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती करायचे, त्यामुळे हात कसबी. बाजारात तयार तारे मिळत होते. पण त्यांचा मुलगा आमोस तेव्हा शाळेत जायला लागला होता आणि त्यानं हट्टच धरला की आपला तारा आपणच करायचा. मग काय! बांबूच्या कामट्या तासल्या, त्यांचे दोन तारे बांधले, एकावर एक ठेवून कोन जुळवले आणि मधे आडव्या काड्या घालून माझं पोट फुगवलं. त्यांच्या बायकोनं, हन्नाबाईंनी, कणकेची खळ शिजवली. लाल पतंगी कागद चिकटवताना आमोसनं निम्मी खळ स्वतःच्या केसांना लावून घेतली. धाकटी सुवार्ता रांगत येऊन माझी कागदी शेपटी ओढायची आणि सगळे तिच्यावर ओरडायचे. माझा जन्म असा हसण्याखिदळण्यात झाला.

कागद वाळेपर्यंत शांतवनरावांनी मुलांना पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांची गोष्ट सांगितली. आकाशात तारा दिसला म्हणून ते घरदार सोडून निघाले. कुठल्या गावाला जायचं, कुणाच्या दारात थांबायचं, काही ठाऊक नव्हतं. तारा पुढं आणि ते मागं.

"मग रस्ता चुकला असता तर?" आमोसनं विचारलं.

"चुकला की," शांतवनराव म्हणाले. "आधी भलत्याच राजाच्या वाड्यात जाऊन उभारले. पण देवानं त्यांना तितंच सोडलं न्हाई."

आमोसचं समाधान झालं. त्यानं लगेच, मला कधी लावायचं, हे विचारायला सुरुवात केली.

डिसेंबर लागला की मला माळ्यावरून काढायचे, फडक्यानं पुसायचे आणि पुढच्या गॅलरीत टांगायचे. ते दिवस काय सांगू! खाली करंज्या तळल्या जायच्या. हन्नाबाई केकचं पीठ मोठ्या पातेल्यात कालवून बेकरीत भाजायला द्यायच्या, आणि आमोस ते पातेलं डोक्यावर घेऊन जाताना बोट घालून चाटायचा. समोर राहणाऱ्या चन्नम्मा त्याला रंगेहाथ पकडायच्या. चन्नम्मांचं घर लिंगायताचं, माहेर दुधनीचं, आवाज साऱ्या गल्लीचा. कडक भाकरी करून विकायच्या. दरवर्षी मला लावलं की त्या रस्त्यात उभ्या राहून वर बघायच्या आणि म्हणायच्या, "यव्वा, काय शोभतंय की!" मी फुगायचो. तसाही मी फुगवलेलाच होतो.

आमच्या लोकांत एक रीत आहे, ती सांगायला हवी. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घरावर तारा लावत नाहीत. नाताळच्या आधी चर्चची तरुण मुलं पेटी-ढोलकी घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात. ती अशा घरापुढं आली की ढोलकीवर हात ठेवतात आणि गुपचूप पुढं जातात. कुणाला काही विचारावं लागत नाही. तारा नाही म्हणजे काय ते समजायचं.

आमोस मोठा झाला. पुस्तकात त्याचं मन रमलं नाही, पण गाडी म्हणजे जीव की प्राण. बापाच्याच कारखान्यात टेम्पोवर ड्रायव्हर झाला. चादरी-टॉवेलचे गठ्ठे भरून कधी पुण्याला जायचा, कधी घाट उतरून कोकणात. निघताना हन्नाबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायच्या, आणि हा एक डोळा उघडून सुवार्ताला वेडावून दाखवायचा. माळ्याच्या फळीतल्या फटीतून मला सगळं दिसायचं. देवाचं नाव चालू असताना मला हसू यायचं.

एका आषाढात तो असाच कोकणात निघाला. हन्नाबाईंनी डोक्यावर हात ठेवला, त्यानं डोळा उघडला, सुवार्तानं जीभ काढली. सगळं रोजच्यासारखं झालं. घाटाखाली तीन दिवस पाऊस कोसळत होता. एका नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर आमोसचा टेम्पो गेला.

टेम्पो सापडला. बराच खाली, चिखलात रुतलेला. चादरींचे गठ्ठे काठाकाठानं झुडपांना अडकलेले मिळाले. आमोस मिळाला नाही. शांतवनराव तिकडं जाऊन राहिले. त्या गावची माणसं भर पावसात त्यांच्याबरोबर नदीकाठ धुंडाळत होती, बायका त्यांना जेवायला घालत होत्या. शेवटी ते परत आले. उंबऱ्यात बसून चपलांचा चिखल खरवडत त्यांनी एवढंच सांगितलं की ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं.

ते ऐकलं आणि हन्नाबाई ताडकन उठल्या.

"दार उघडं हुतं? म्हंजे बाहेर पडला की तो! पवाया येतंय त्याला. डोक्याला मार लागला असंल. कुटं हाय, कोण हाय, इसरला असंल."

हन्नाबाईंनी स्टूल ओढलं, माळ्यावर चढल्या आणि मला खाली काढलं. माझ्यावर धूळ होती, ती पुसायचंही त्यांना सुचलं नाही. भर आषाढात, भुरभुर पावसात, त्यांनी मला गॅलरीत टांगलं आणि दिवा लावला.

समोरून चन्नम्मा धावत बाहेर आल्या. "अय्यो हन्नक्का, आता कसला सण?"

"सण न्हाई," हन्नाबाई म्हणाल्या. "पोराला घर सापडाया पाहिजे."

मित्रांनो, कागदाच्या ताऱ्याला पाऊस सोसत नाही. माझा लाल रंग खाली ओघळला, कागदाच्या चिंध्या झाल्या आणि नुसत्या कामट्यांच्या सापळ्यात दिवा जळत राहिला. शांतवनरावांनी एका दुपारी मला खाली घेतलं. नव्या चादरी ज्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरतात, त्या पिशव्या त्यांनी कारखान्यातून आणल्या होत्या. त्या कापून त्यांनी माझ्यावर चढवल्या. काम करता करता त्यांचे हात थांबले. हन्नाबाई आतल्या खोलीत होत्या. शांतवनरावांनी माझ्या उघड्या पोटात तोंड घातलं आणि आवाज बाहेर जाऊ नये असे रडले. मग डोळे पुसून त्यांनी उरलेला कोन मढवला. मी लालाचा पांढरा झालो. आता पाऊस लागला तरी भिजणार नव्हतो.

त्यानंतर कितीतरी दिवस मी माळा पाहिला नाही. रोज दिवेलागणीला हन्नाबाई माझा दिवा लावायच्या आणि गल्लीच्या तोंडाकडं बघत म्हणायच्या, "प्रभू, माझ्या लेकराला घरची वाट दाखव." उन्हाळ्यात सोलापूरच्या उन्हानं माझं प्लॅस्टिक कडकडीत व्हायचं, चिमण्या माझ्या पाठीवर काड्या आणून टाकायच्या. दिवाळीचे कंदील आले, दिमाख दाखवून गेले. मी तिथंच.

त्यानंतरचा पहिला नाताळ जवळ आला तेव्हा जे झालं, ते मी कधी विसरणार नाही. गाणी म्हणणारी मुलं आमच्या गल्लीत शिरली. बातमी कळली तेव्हा ती घरी येऊन गेली होती; तारा लागल्यापासून इकडं कुणी फिरकलं नव्हतं. आमच्या घराजवळ आल्यावर बाकीची मुलं रीतीप्रमाणं गप्प होणार, एवढ्यात सगळ्यांच्या माना वर झाल्या. तारा! रणदिव्यांच्या घरावर तारा! म्हणजे आमोस सापडला! कुणी कुणाला विचारलं नाही. ताऱ्याचा अर्थ त्यांना लहानपणापासून पाठ होता. ढोलकी कडाडली, पेटीचा सूर चढला, आणि ती पोरं अक्षरशः धावत जिना चढून वर आली. आमोसचे जुने दोस्त होते ते. एक जण तर आत येतायेताच ओरडला, "आमश्या, कुटं हैस लेका?"

आत शांतवनराव भिंतीला टेकून बसले होते. सुवार्ताच्या हातात भाजी निवडायचं ताट होतं. ढोलकी हळूहळू थांबली. त्या पोराचं तोंड मला दिसत होतं. त्याला भूमी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

हन्नाबाई मात्र उठल्या. त्यांनी करंज्यांचा डबा उघडला. "न्हाई आला अजून," त्या म्हणाल्या. "येईल. म्हणा की गाणं, थांबलासा का?"

पोरांनी गाणं म्हटलं. कसं म्हटलं, ते देवाला ठाऊक.

ती गेल्यावर शांतवनराव पहिल्यांदा बोलले. "हन्ना, तारा काढू या आता. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, आमोसच्या नावानं एक उपासना घेऊ. लोकांना बी कळंना झालंय, रडावं का गावं."

"मग त्याला घर कसं सापडायचं?"

"अगं, तारा पुढं असतो, आपण मागं चालायचं असतं. तू तर तारा हातात धरून देवालाच वाट दाखवाया निघालीस."

हन्नाबाईंचे डोळे पेटले. "तुमी बाप हाय का कोण? तुमी त्याला बुडवून मोकळे झालासा!"

शांतवनरावांनी पुन्हा तो विषय काढला नाही. माझा दिवा गेला की मुकाट्यानं नवा आणून बसवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, तिला बरं वाटतंय ना, असू दे. मला दोघांचीही कीव यायची. एक माणूस विश्वास ठेवून जळत होतं, दुसरं विश्वास ठेवून गप्प बसलं होतं, आणि दोघांच्या ताटांमधे एक रिकामं ताट रोज मांडलं जात होतं.

या सगळ्यात सुवार्ता कुठं होती, असं तुम्ही विचाराल. घरातच होती. तिनं नर्सिंग पूर्ण केलं, इथल्याच एका दवाखान्यात लागली. सकाळी जायची, संध्याकाळी यायची, भाकऱ्या थापायची. तिचं हसणं कधी थांबलं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तिच्या मनात एक होतं. ज्या भागात तिच्या भावाचा टेम्पो गेला, तिथल्या एका छोट्या मिशन दवाखान्यात नर्सेस मिळत नव्हत्या. ज्या बायकांनी बापाला जेवायला घातलं, त्यांच्यात जाऊन काम करावं, असं तिला वाटायचं. तिनं अर्ज केला आणि जागा मिळाली. ती बातमी घेऊन ती घरी आली, तेव्हा हन्नाबाई शेजारच्या बाईला सांगत होत्या, "एक लेकरू त्या घाटानं खाल्लं. दुसरं मी उंबऱ्याबाहेर दूर धाडणार न्हाई." सुवार्तानं पर्स खुंटीला अडकवली आणि ती गॅलरीत आली. माझ्या अगदी खाली उभं राहून तिनं फोन लावला.

"मॅडम, माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या... नाही, लग्नबिग्न नाही ठरलं. घरी अडचण आहे... हो मॅडम. सॉरी."

फोन ठेवून ती कठड्याला धरून उभी राहिली. आतून हन्नाबाईंची हाक आली, "सुवार्ता, ताऱ्याचा दिवा लाव गं, अंधारून आलं."

तिनं बटण दाबलं. माझा उजेड तिच्या तोंडावर पडला. गाल ओले होते. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, अहो हन्नाबाई, गल्लीकडं कशाला बघता, इकडं बघा, इथं माझ्याखाली बघा! पण मी कामट्यांचा आणि पिशव्यांचा. जळण्यापलीकडं मला काही येत नाही.

तोंड होतं ते चन्नम्मांना. त्या आपल्या दारात उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. सुवार्तानं हात जोडून खूण केली, म्हणून त्या तेव्हा गप्प बसल्या. चन्नम्मा गप्प बसल्या, हे ऐकून गल्लीत कुणाचा विश्वास बसायचा नाही. पुढच्या आषाढापर्यंत त्यांनी ते पोटात ठेवलं. मग एक दिवस कडक भाकरीची चवड घेऊन त्या जिना चढून आल्या.

"हन्नक्का, एक बोलते. राग आला तरी बोलते. गेल्या वर्साला तुझ्या पोरीला कोकणातनं नोकरी आलती. पोरगी नको म्हटली. ह्या ताऱ्याखाली उभी राहून म्हटली, माझ्या कानानं ऐकले मी. तुला बोलली काय? न्हाई! तू येणाऱ्याला दिवा दावतीस. जी घरात हाय ती अंधारात बसलीय की, यव्वा!"

हन्नाबाईंचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी सुवार्ताला बोलावलं.

"व्हय गं?"

"होय."

"मला का सांगितलं न्हाईस?"

सुवार्तानं पिठाचे हात ओढणीला पुसले. मग म्हणाली, "कधी सांगू आई? तू आमच्याकडं पाठ करून उभी असतेस. इतक्या दिवसांत तू एकदा तरी विचारलंस का, तुला भावाची आठवण येते का म्हणून? मी रात्रंदिवस परक्या माणसांच्या जखमा पुसते. माझ्याकडं कुणी बघितलं नाही."

ती ओरडली नाही. साधं बोलावं तसं बोलली. म्हणूनच ते लागलं. चन्नम्मा पदरानं डोळे पुसत जिना उतरून गेल्या. हन्नाबाई भिंतीशी बसल्या. त्या दिवशी माझा दिवा शांतवनरावांनी लावला.

रविवारी पाळकसाहेब घरी आले. वयानं लहानच होते, बोलायला भित्रे. हन्नाबाईंनी त्यांना सरळच विचारलं, "साहेब, देव वाट दाखवतो म्हणता. माझ्या आमोसला का न्हाई दाखवली? आणि आता त्याच वाटंवर दुसरं लेकरू कसं सोडू? ती नीट पोचंल, असं देवानं सांगितलंय का तुमाला?"

"नाही सांगितलं," पाळकसाहेब म्हणाले. "आमोस कुठं आहे, तेही मला सांगितलेलं नाही. पूल नवा आहे, हन्नाबाई, पण नदी तीच आहे. मी खात्री दिली तर ती खोटी होईल. देव बरोबर असतो, एवढंच मला ठाऊक आहे. पुलावरही असतो. पाण्यातही असतो. बाकी मी तुमच्याइतकाच अंधारात आहे."

मला वाटलं, आता हन्नाबाई चिडणार. पण त्यांनी त्यांना चहा दिला. बशीत बिस्किटंही ठेवली. दुःखात असलेल्या माणसाला खोटा धीर कळतो, मित्रांनो, आणि खरं बोलणाऱ्याचा राग येत नाही.

त्यानंतरही मी रोज लागत होतो. प्रार्थनाही तीच होती, पण आता मधेच अडखळायची. "लेकराला" म्हटलं की हन्नाबाई थांबायच्या. कुठल्या लेकराला, हे जणू त्यांना पहिल्यांदाच ठरवावं लागत होतं.

आषाढ संपायच्या आत कोकणातल्या त्या मिशन दवाखान्याच्या मेट्रनबाईंचा फोन आला. सुवार्ताच्या जागी घेतलेली मुलगी सोडून गेली होती, जागा रिकामी होती. सुवार्ता फोन कानाला लावून गॅलरीत आली. "मॅडम, तुम्ही माझी आठवण ठेवलीत, पण घरी..." तेवढ्यात मागून हन्नाबाईंचा हात आला. त्यांनी फोन काढून घेतला आणि आपल्या कानाला लावला.

"येतीया ती," त्या म्हणाल्या. "कवा यायचं, तेवढं सांगा."

निघायच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. बस संध्याकाळची होती. शांतवनरावांनी बॅगेला दोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. चन्नम्मांनी भाकऱ्या आणि शेंगाचटणीचा डबा आणला आणि कोकणातल्या भाताला नावं ठेवून घेतली, कारण नाहीतर त्या रडल्या असत्या, आणि तशाच आपल्या घरात निघून गेल्या. खाली रिक्षा येऊन थांबली. दिवेलागण झाली होती. सवयीनं सुवार्ताचा हात माझ्या बटणाकडं गेला.

हन्नाबाईंनी तो हात धरला. त्यांनी स्टूल ओढलं, चढल्या आणि मला खुंटीवरून काढलं.

"आई, हे काय?" सुवार्ता घाबरली. "असू दे की. मी येईपर्यंत लावून ठेव. मला बरं वाटेल."

"न्हाई गं," हन्नाबाई म्हणाल्या. मला त्यांनी छातीशी धरलं होतं. "ह्याचा उजेड कोपऱ्यावरच्या गिरणीपातुर बी जात न्हाई. मी रोज बघत हुते. बघत हुते आणि तरी लावत हुते. माझ्या दिव्याच्या भरवशावर जाऊ नको बाळा. जो संगट येतोय, त्याच्या भरवशावर जा."

"आणि दादा?"

शांतवनरावांनी मान खाली घातली. हन्नाबाईंनी माझ्या एका कोनावरून हात फिरवला.

"तो बी त्याच्याचजवळ हाय. पाण्यात असंल, न्हाईतर कुटं असंल. मला ठाऊक न्हाई. ठाऊक नसताना कसं जगायचं, ते मला येत न्हाई अजून. शिकीन."

मग त्यांनी मला खाली ठेवलं आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. प्रार्थना लांबली नाही. "प्रभू, तू हिच्या पुढं चाल. मी मागं दिवा धरत न्हाई." एवढंच म्हणाल्या. सुवार्तानं दोन्ही डोळे घट्ट मिटले होते. वेडावून दाखवायला समोर कुणी नव्हतं.

रिक्षा गेली. गॅलरी काळोखी झाली. समोरून चन्नम्मांनी हाक मारून विचारलं, आज तारा का नाही, काही कळलं का आमोसचं? काही कळलं नव्हतं, मित्रांनो. आजपर्यंत काही कळलेलं नाही. नदीनं निरोप दिला नाही आणि देवानंही सांगितलं नाही.

सुवार्ता दुसऱ्या दिवशी सुखरूप पोचली. घाटात दरड पडली होती, बस बराच वेळ अडली होती, हे तिनं पोचल्यावर सांगितलं. तोवर हन्नाबाईंनी काय सोसलं, ते मी पाहिलं आहे. विश्वास ठेवला म्हणून भीती गेली नाही. भीती होती, आणि त्या तिच्याशेजारी बसून होत्या. फोन आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "जेवलीस का?" पलीकडं सुवार्ता रडायला लागली. तिला तो प्रश्न किती दिवसांनी ऐकायला मिळाला, हे मला आणि तिलाच ठाऊक.

शांतवनरावांनी मला पुसून जुन्या चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. आमोसच्या नावानं चर्चमध्ये उपासना झाली. परत आल्यावर दोघं बराच वेळ एकमेकांशेजारी बसून होते. शांतवनराव त्या दिवशी हन्नाबाईंसमोर रडले, आणि हन्नाबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. येत्या नाताळात मला लावतील की नाही, मला माहीत नाही. माझ्या कामट्या आता फार दिवस टिकायच्या नाहीत. लावलं तर सगळ्यांच्या ताऱ्यांबरोबर लावतील आणि सगळ्यांच्या ताऱ्यांबरोबर काढतील. तेवढं पुरे आहे मला.

जाता जाता एक विनवणी करतो. तुमच्या घरीही कुणाची वाट बघणं चालू असेल. दिवा जरूर लावा; वाट बघणं म्हणजे वेडेपणा, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. फक्त तो लावून झाला की मागं वळा, आणि त्याच उजेडात घरात कोण बसलंय, त्याचं तोंड एकदा बघा. न आलेल्या माणसाला तुमचा दिवा दिसतो की नाही, ते देव जाणे. घरात बसलेल्याला मात्र दिसतो.

खाली आता प्रार्थना चालू आहे. हन्नाबाई दोन्ही लेकरांची नावं घेतात. सुवार्ताचं नाव घेतलं की पुष्कळ मागतात: तिची तब्येत, तिची ड्यूटी, तिकडचा पाऊस, सगळं. मग आमोसचं नाव घेतात. त्याच्या नावापुढं त्या काही मागत नाहीत. नाव घेतात, थोडं थांबतात, आणि आमेन म्हणतात.